आई-बाबांसाठी बिझनेस क्लास: माइल्स विकत घ्यावेत की सरळ तिकीट काढावे?

मुलगी अमेरिकेत एडिसनला, आई-बाबा पुण्यात. त्यांची सत्तरी उलटलेली, बाबांचे गुडघे दुखतात, आईच्या पायांना सूज येते. अशा घरांत उन्हाळ्याच्या आधी एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जातो. इकॉनॉमीत पंधरा-सोळा तास बसवून आणायला जीव धजत नाही आणि बिझनेस क्लासचा आकडा ऐकला की आई-बाबाच "नको गं, उगाच कशाला" म्हणतात. नेमक्या त्याच दिवसांत कुठल्या तरी एअरलाइनची ईमेल येते: माइल्स विकत घ्या, शंभर टक्के बोनस. माइल्स म्हणजे एअरलाइनच्या ग्राहक-योजनेचे पॉइंट्स, ते देऊन सीट घेता येते; शंभर टक्के बोनस म्हणजे जितके घ्याल तितकेच आणखी वर.

हा मार्ग खरा आहे आणि अनेक घरांना त्याचा चांगला फायदा होतो. पण कुठल्या कार्यक्रमाचे, म्हणजे कुठल्या एअरलाइनच्या योजनेचे, माइल्स घेता आणि कुठल्या भाड्याशी तुलना करता, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून आधी तुलनेबद्दल, मग कार्यक्रमांबद्दल.

एका माइलची किंमत कोणाच्या हिशेबाने?

समजा मुंबई ते न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ) एका बाजूच्या बिझनेस सीटला ९०,००० माइल्स लागतात आणि सेलमध्ये एक माइल १.३५ सेंटला मिळतो. म्हणजे १,२१५ डॉलर. वर कर आणि शुल्क साधारण १०० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर एका माणसाचा एका बाजूचा खर्च एक लाख सोळा हजारांच्या आसपास जातो.

आता याची तुलना कशाशी करायची? जाहिराती आणि उत्साही मंडळी ती एकेरी तिकिटाच्या छापील भाड्याशी करतात. बिझनेसचे एकेरी तिकीट तीन लाखांना दिसत असेल, तर एका माइलचे मोल साडेतीन सेंटांहून जास्त निघते आणि वाटते की लॉटरीच लागली. पण एकेरी भाडे बहुतेक एअरलाइन्स मुद्दाम चढे ठेवतात. कुठलेही शहाणे कुटुंब जाऊन-येऊन तिकीटच काढेल. ते साडेतीन लाखांना मिळत असेल, तर एका बाजूचे पावणेदोन लाख होतात आणि माइलचे मोल २.१ सेंटांवर येते. अजूनही फायदा आहे, माणशी एका बाजूला जवळपास साठ हजारांचा.

पण एवढ्यावर थांबू नका. स्वतःला खरेखुरे विचारा: माइल्स हा प्रकारच नसता तर आई-बाबांच्या त्या एका प्रवासासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती दिले असते? उत्तर पावणेदोन लाख असेल तर माइल्स घ्या. उत्तर नव्वद हजार असेल, तर तुमच्या लेखी त्या माइलचे मोल जेमतेम एक सेंट आहे आणि १.३५ ला घेतलेला प्रत्येक माइल तोट्याचा आहे. तिकीट कितीही महागड्या केबिनचे असो, जे पैसे तुम्ही एरवी खर्चलेच नसते ते "वाचले" असे म्हणता येत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात हा एकच आकडा महत्त्वाचा आहे आणि तो कुठल्याच वेबसाइटवर सापडत नाही.

तिसरी तुलना इकॉनॉमीशी. जाऊन-येऊन इकॉनॉमी एक लाख दहा हजार धरली, तर एका बाजूचे पंचावन्न हजार होतात. माइल्सच्या मार्गाने त्यावर आणखी साठ हजार जातात आणि त्यात आडवे पडून झोपता येते. ज्यांचे पाय सुजतात त्यांच्यासाठी हा खर्च मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. तिशीतल्या धडधाकट माणसाने मात्र दोनदा विचार करावा.

एरोप्लान आणि लाइफमाइल्स: खरी लढत इथे

भारत-अमेरिका प्रवासासाठी माइल्स विकत घ्यायचे तर माझ्या मते स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटामधले हे दोन कार्यक्रम सगळ्यात आधी पाहावेत. एरोप्लान एअर कॅनडाचा, लाइफमाइल्स कोलंबियाच्या आव्हियांकाचा. त्या एअरलाइन्सने कधी प्रवास करायची गरज नाही. त्यांचे माइल्स देऊन लुफ्तान्सा, स्विस, एअर इंडिया यांच्या सीट घेता येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. दोघांचा सर्वात मोठा गुण म्हणजे भागीदार एअरलाइन्सचा फ्युएल सरचार्ज, म्हणजे इंधनाच्या नावाखालचे जादा शुल्क, ते तुमच्या माथी मारत नाहीत. लुफ्तान्साच्या स्वतःच्या कार्यक्रमातून तीच सीट घेतली तर हा सरचार्ज शेकडो डॉलरांत जातो.

भावात दोघांत फारसा फरक नाही. लाइफमाइल्सचा मूळ दर ३.३ सेंट आहे, पण त्या दराने कोणीच घेऊ नये. १४०-१५० टक्के बोनस लागला की तो १.३ ते १.४ सेंटांवर येतो आणि असे सेल वरचेवर लागतात. एरोप्लानचा मूळ दर ३.५ कॅनेडियन सेंट आहे. चांगल्या बोनसमध्ये तोही अमेरिकन सव्वा ते दीड सेंटांत बसतो. दर तिकिटामागे एरोप्लान भागीदार बुकिंगचे ३९ कॅनेडियन डॉलर घेते, त्याने फार काही बिघडत नाही.

फरक पडतो तो पुढे. कुठल्या प्रवासाला किती पॉइंट्स (एरोप्लान माइल्सना पॉइंट्स म्हणते) लागतात, हे सांगणारा एरोप्लानचा तक्ता अंतरावर चालतो आणि भारत त्यात युरोपबरोबर अटलांटिक विभागात मोडतो. २०२० मध्ये नवा कार्यक्रम आला तेव्हा ६,००१ ते ८,००० मैलांच्या टप्प्यात बिझनेसला ८५,००० पॉइंट्स होते. मुंबई-न्यूअर्क थेट किंवा फ्रँकफर्टमार्गे गेले तरी अंतर त्याच टप्प्यात पडते. तेव्हापासून तक्ता महागत गेला आहे, म्हणून वर मी ९०,००० धरले. आजचा आकडा बुकिंगच्या पानावरच पाहा. दुसरे म्हणजे, युनायटेड, एमिरेट्स, एतिहाद अशा काही भागीदारांवर एरोप्लान आता ठरावीक तक्ता लावत नाही. तिथे किंमत मागणीप्रमाणे बदलते.

एतिहादचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. एतिहादच्या अबू धाबी विमानतळावर अमेरिकेचे इमिग्रेशन आधीच उरकते. ही सोय २०१४ पासून आहे. लांबच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कच्या रांगेत उभे राहून अधिकाऱ्याच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देण्याची धास्ती ज्या आई-बाबांना असते, त्यांच्यासाठी ही सोय थोड्या जास्त पॉइंट्सच्या तोलाची आहे. अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडायचे.

एरोप्लानमध्ये ५,००० जादा पॉइंट्स देऊन एका बाजूच्या प्रवासात मुक्काम घेता येतो, तोही ४५ दिवसांपर्यंत. धाकटा जर्मनीत आणि मोठी न्यू जर्सीत असेल तर ही सोय सोन्यासारखी आहे. मात्र तिथे उतरायचे तर शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, हवाच. नुसते विमान बदलायचे असेल, तर वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला एका शेंगेन विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. वाटेत दोन शेंगेन विमानतळ येत असतील तर प्रकरण बदलते, ते टाळा.

लाइफमाइल्सची बाजू कमजोर पडते ती सेवेत. साइटवर सीट दिसते आणि पैसे भरताना गायब होते, अशी तक्रार जुनी आहे. सीटचे दर पूर्वसूचना न देता वाढवल्याचेही अनुभव लोकांना आहेत. बारा महिने खात्यात नवे माइल्स जमा झाले नाहीत तर आहेत तेही जातात. एरोप्लानला अठरा महिन्यांची मुभा आहे. विमान रद्द झाले की तिकीट बदलायला बहुधा तिकीट देणाऱ्या कार्यक्रमालाच फोन लावावा लागतो. मध्यरात्री मुंबई विमानतळावर आई-बाबा खोळंबलेले असताना तुम्हाला कोणाशी बोलायला आवडेल, याचा विचार आत्ताच करा. दोन्हीकडे भाव सारखा असेल तर मी आई-बाबांसाठी एरोप्लान घेईन. लाइफमाइल्समध्ये तीच सीट दहा-पंधरा हजार माइल्सनी स्वस्त पडत असेल, तर स्वतःच्या प्रवासाला ते वापरीन.

एव्हिओस: कतारला चांगले, लंडनला जपून

ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज दोघांचेही चलन एव्हिओस आहे आणि एका खात्यातून दुसऱ्यात ते हलवता येते. कतारच्या क्यूस्वीट या बिझनेस केबिनमध्ये दार ओढून घेता येते, आणि मधल्या जोडीच्या जागा एकमेकींना लागून करता येतात. शेजारी झोपणाऱ्या वृद्ध जोडप्याला असा आराम क्वचितच दुसरीकडे मिळेल. मुंबईहून दोहा आणि तिथून पुढे, हा मार्ग सोपा आहे. एव्हिओस सेलमध्येही वरच्या दोघांपेक्षा सहसा महाग पडतात, म्हणून आधी सीट पाहा.

ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या विमानात मात्र सरचार्ज इतका असतो की माइल्स "फुकट" असले तरी खिसा रिकामा होतो. त्यात लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर लागतो. २०२५-२६ मध्ये भारताच्या अंतरासाठी प्रीमियम केबिनचा हा कर माणशी २१६ पौंड होता. चोवीस तासांच्या आत पुढचे विमान पकडले तर तो लागत नाही, पण लेकाकडे आठवडाभर राहून परत निघाले की लागतो. लंडनमधल्या मराठी घरांनी हिशेबात हा आकडा विसरू नये. आई-बाबांना युरोपातल्या दुसऱ्या शहरातून परत पाठवता येत असेल तर तेही पाहावे.

बाकीचे थोडक्यात

एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये किंमत रोज बदलते. पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमला मोफत मुक्काम आणि दरमहा येणाऱ्या प्रोमो सवलती हे त्याचे बळ. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमाने आहेत. सवलत तुमच्या मार्गावर लागली तरच माइल्स घ्या, नाहीतर नको.

सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स असे घाऊक विकत मिळत नाहीत. बुकिंग करताना कमी पडलेले, तेही निम्म्यापर्यंतच, १,००० माइल्सना ४० डॉलर या दराने भरता येतात. हा दर महाग आहे, पण चार-पाच हजारांची तूट भरायला ठीक आहे. अमेरिकेपेक्षा मेलबर्न-सिडनीला मुले असणाऱ्यांसाठी हा कार्यक्रम उपयोगी आहे. त्यात ज्यांच्यासाठी बुक करता ते पाचच नावांच्या यादीत असावे लागतात. आई, बाबा, सासू, सासरे एवढ्यानेच यादी भरत येते, तेव्हा नावे विचार करून घाला.

पैसे कोणी भरायचे आणि कधी

भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला बहुधा साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचे जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण चार टक्क्यांच्या वर. वरच्या उदाहरणात तेच पन्नास डॉलर झाले. म्हणून शक्य असेल तर अमेरिकेतल्या मुलीने, परदेशी व्यवहाराचे शुल्क नसलेल्या कार्डाने पैसे भरावेत. भारतातच राहणाऱ्याने आधी आपल्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स माइल्समध्ये हलवता येतात का ते पाहावे. घरखर्चातून जमलेले पॉइंट्स विकतच्या माइल्सपेक्षा नेहमीच स्वस्त.

खाते आजच उघडा, सेल लागल्यावर नाही. काही कार्यक्रम नव्या खात्याला लगेच खरेदी करू देत नाहीत. पण माइल्स मात्र सीट समोर दिसल्याशिवाय घेऊ नका. विकत घेतलेले माइल्स परत करता येत नाहीत, ते खात्यात यायला कधी मिनिटे तर कधी दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात दोन सीटपैकी एक जाऊ शकते. आई-बाबांना एकाच विमानातल्या दोन सीट हव्यात, तेव्हा दोन्ही दिसत असतील तरच पैसे भरा. शाळांच्या सुट्ट्या आणि दिवाळीच्या आसपास दोन सीट एकत्र मिळणे फार कठीण असते. फेब्रुवारी किंवा सप्टेंबर चालत असेल तर शोध बराच सोपा होतो.

माइल्सच्या तिकिटावरही व्हीलचेअर, सामानाची मर्यादा, लाउंज हे सगळे इतर बिझनेस प्रवाशांसारखेच मिळते. व्हीलचेअरची मागणी विमान उडवणाऱ्या कंपनीकडे नोंदली गेली आहे का, हे त्यांच्या स्वतःच्या बुकिंग क्रमांकाने एकदा तपासून घ्या. तो क्रमांक एरोप्लानने दिलेल्यापेक्षा वेगळा असू शकतो.

दोन्ही बाजूंचा खर्च झेपत नसेल तर माइल्सची तिकिटे एका-एका बाजूची असतात, याचा उपयोग करा. मुंबईहून न्यूअर्कला जाताना वेळ जास्त लागतो, येताना वारा पाठीशी असल्याने दोनेक तास कमी. जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी, अशी जोड मला बहुतेक घरांसाठी सगळ्यात रास्त वाटते. आणि परतीच्या वेळी आई-बाबांची तब्येत पाहून उरलेला निर्णय तेव्हाच घेता येतो.