सांतोकू सुरी : आठ महिने वापरल्यानंतर

आधी उणं सांगतो. या सुरीच्या धारेला टोकापासून दोन बोटं मागे तांदळाच्या कणीएवढा टवका उडालाय, आणि तो मीच उडवलाय, काबोचा चिरताना. काबोचा म्हणजे इथला, जपानचा, हिरव्या सालीचा भोपळा. साल लाकडासारखी टणक. सुरी अर्ध्यात अडकली, मी मनगट पिळलं आणि बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. टोकियोतल्या सुपरमार्केटात काबोचा पाव-पाव कापून का विकतात ते त्या दिवशी कळलं. आता अख्खा आणलाच तर दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो आणि मग चिरतो.

सुरी घेतली काप्पाबाशीला. निशिकासाईहून तोझाई लाइन, निहोनबाशीला गाडी बदलून गिन्झा लाइनने तावारामाची, तिथून चालत. एका इमारतीच्या डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याचं भलंमोठं मुंडकं दिसलं की पोचलात म्हणून समजायचं. अख्खा रस्ता स्वयंपाकघराच्या सामानाचा. दुकानदाराने किंमत सांगायच्या आधी विचारलं, कुठल्या हाताने चिरता? मी डावखुरा. आयुष्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. कच्च्या माशाचे काप काढायच्या यानागिबा सुरीला एकाच बाजूने धार असते, डावखुऱ्याला ती वेगळी शोधावी लागते. सांतोकूला धार दोन्ही बाजूंनी, त्यामुळे ती घरातल्या कुणालाही चालते. ‘सांतोकू’ म्हणजे तीन गुण: मांस, मासे, भाजी. महायुद्धानंतरच्या काळात घरगुती वापरासाठी रूढ झालेला हा प्रकार आहे.

माझी सुरी नीगाता प्रांतातल्या सांजोची. तिथले शेतकरी पुराने गांजले, म्हणून सतराव्या शतकात जोडधंदा म्हणून खिळे ठोकायला शिकले. आजही ते लोहारांचंच गाव. पातं 165 मिलिमीटर. मधोमध आओगामी पोलाद, दोन्ही अंगांना स्टेनलेसचं अस्तर. आओगामी म्हणजे निळा कागद. पोलाद काही निळं नसतं, कारखान्यात त्याला गुंडाळायचा कागद निळा. मूठ होओ नावाच्या हलक्या लाकडाची, अष्टकोनी. ओल्या हातातही ती फिरत नाही, आणि डाव्या हाताला परकी वाटत नाही.

खरी परीक्षा आईने घेतली. ती सांगलीहून तीन महिने राहायला आली होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात, गुडघ्यांमुळे विळी सुटून चार वर्षं झालेली. तिकडे ती बाजारातल्या दातेरी सुरीने भागवते, आणि त्या सुरीवर जोर द्यावा लागतो, तोही नेमका त्याच अंगठ्याने. विळीवर पातं जागच्या जागी असतं, भाजी फिरते. चिरायच्या पाटावर सगळं उलट. पहिले तीन दिवस ती बटाटा हातात धरून अंगठ्याच्या दिशेने चिरत होती आणि मी श्वास रोखून बघत होतो. चौथ्या दिवशी पाटावर ठेवून भेंडी चिरली आणि म्हणाली, “हिला दाबावं लागत नाही रे, नुसती पुढे सारली की झालं.” मग सुरी तिचीच झाली. कांदा चिरताना डोळे कमी झोंबतात, कारण धारदार पातं पेशी चेचत नाही, कापतं. रात्री चिरून ठेवलेली कोथिंबीर सकाळी काळवंडलेली नसते, हे तिचं निरीक्षण. नारळाचं मात्र नाव काढायचं नाही. तिथे विळीला आणि तिच्या खवणीला तोड नाही.

आता कटकट. धारेलगतची पट्टी उघड्या पोलादाची, कांद्या-लिंबाने ती आठवड्यात निळसर काळी झाली. आईने एका दुपारी तारेच्या घासणीने ती लख्ख घासून काढली आणि पातं ओट्यावर ओलंच ठेवलं. संध्याकाळी तांबूस ठिपके. तो काळा थर राहू द्यायचा असतो, त्याच्यामुळे गंज लवकर धरत नाही, हे तिला पटवायला मला दोन दिवस लागले. “काळं भांडं पाहुण्यांसमोर कसं ठेवायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. डब्यातला माहितीचा कागद फक्त जपानीत होता. डिशवॉशरमध्ये घालू नका, एवढं तरी चित्र काढून दाखवायला हरकत नव्हती. चिरून झालं की लगेच धुवायची, लगेच पुसायची. सिंकमध्ये टाकून टीव्हीसमोर बसायची सवय असेल त्याने पूर्ण स्टेनलेसची घ्यावी.

धार महिन्या-दीड महिन्याने घरीच लावतो. 1000 नंबरचा दगड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा. पात्याची पाठ दगडापासून दहा येनची दोन नाणी मावतील एवढीच उचलायची. एक बाजू घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली की पातं उलटायचं. पहिल्या दोन वेळा मी धार बिघडवलीच. सांगलीला सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे ही कधी देणार नाही. कोरड्या चाकावर पातं तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. टवका मात्र अजून आहे, दर धारेला थोडा थोडा कमी होतोय.

किंमत बारा हजार येनच्या आसपास. जाताना आईला म्हटलं, अशीच एक घेऊन देतो. नको म्हणाली, तिकडे कामवाल्या मावशी घासणीने घासतील. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, “लहान असते का रे त्यात? मी लपवून ठेवीन.”