मेटॅलिकाचा एकच अल्बम घ्यायचा तर ‘हार्डवायर्ड’ की ‘७२ सीझन्स’?

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या या दोन अल्बमपैकी पैसे एकाच अल्बमपुरते असतील तर २०१६चा ‘हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट’ घ्या. हे लिहिताना जीव तुटतो. गोव्यातल्या मराठी घरांत मेटल, म्हणजे कडक गिटारींचं हे रॉक संगीत, ऐकणारे आम्ही मोजकेच, आणि एप्रिल २०२३मध्ये आलेल्या ‘७२ सीझन्स’ची सहा वर्षांहून जास्त वाट पाहिली होती.

वरवर पाहता दोन्ही अल्बम सारखेच. प्रत्येकी बारा गाणी, सुमारे ७७ मिनिटं, आणि निर्मितीत ग्रेग फिडेलमन दोन्हीकडे. फरक आहे तो मांडणीत. ‘हार्डवायर्ड’ दोन सीडींवर सहा-सहा गाण्यांत विभागलाय. पहिल्या सीडीत शीर्षकगीत, ‘अ‍ॅटलस, राइज!’, ‘मॉथ इन्टू फ्लेम’ आणि ‘हेलो ऑन फायर’ आहेत, त्यामुळे उसंत मिळत नाही. दुसरी सीडी मात्र बरीच सैल आहे. ‘मॅनअनकाइंड’, ‘अ‍ॅम आय सॅव्हेज?’ मी आता लावतही नाही. पण शेवटी ‘स्पिट आउट द बोन’ येतं आणि सगळं भरून निघतं. सात मिनिटांचं गाणं, तरी कुठे ढिलं पडत नाही. थोडक्यात, या अल्बमचा कमकुवत भाग एका जागी आहे. तो वगळला की हातात उत्तम अर्धा-पाऊण तास उरतो.

‘७२ सीझन्स’मध्ये तशी सोय नाही. तिथे सैलपणा जवळजवळ प्रत्येक गाण्यात आहे. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, चांगली सुरू होते, चार वेळा वाजते, मग आणखी चार वेळा, आणि गाणं पुढे सरकतच नाही. ‘शॅडोज फॉलो’, ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’, ‘चेसिंग लाइट’ ही तिन्ही गाणी दोन-दोन मिनिटं कमी असती तर मी ती आनंदाने पुन्हा ऐकली असती. माझी तक्रार लांबीबद्दल नाही. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं आणि माणसं पहाटेपर्यंत बसून राहतात, कारण गाणारे बदलतात, लय चढते. इथे बरीच गाणी एकाच मध्यलयीत अडकून पडतात. ‘लक्स एटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, आणि तेच सर्वांत जिवंत वाटतं.

बँडचा गिटारवादक कर्क हॅमेटच्या बाबतीत तर जास्तच हळहळ वाटते. त्याच्या रिफ्स साठवलेला फोन हरवला आणि ‘हार्डवायर्ड’च्या गीतरचनेत त्याचं नाव कुठेच आलं नाही. नव्या अल्बममध्ये काही गाण्यांच्या श्रेयात तो परतलाय, म्हणून माझ्या अपेक्षा वाढल्या होत्या. पण त्याच्या गिटार सोलोंमध्ये तोच वाह-वाह पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज ‘वाह-वाह’ असा वळवणारं यंत्र), तेच ओळखीचे धावते तुकडे. ‘मॉथ इन्टू फ्लेम’मधली दोन गिटारींची गुंफण मला इथे फारशी सापडली नाही.

तरीही शब्दांत ‘७२ सीझन्स’ वरचढ आहे, हे निःसंकोच सांगतो. बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. माणूस त्या वर्षांत घडतो आणि पुढे तीच वर्षं वागवत राहतो, हा या गाण्यांचा गाभा. बँडचा गायक आणि गीतकार जेम्स हेटफिल्ड २०१९मध्ये पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला होता. त्यानंतरचं हे लेखन अधिक उघडं, अधिक धीट आहे. ‘स्क्रीमिंग सुइसाइड’मध्ये तो आत्महत्येच्या विचारांबद्दल आडपडदा न ठेवता बोलतो. रॉबर्ट ट्रुहियोची बेस गिटारही या अल्बममध्ये छान ऐकू येतो. अकरा मिनिटांहून लांब ‘इनामोराटा’ हे बँडचं आजवरचं सर्वांत मोठं गाणं. त्याच्या मध्यावर सगळे थांबतात आणि बेस एकटा उरतो, ती जागा अप्रतिम आहे. संपूर्ण अल्बमने हा धीर दाखवायला हवा होता.

म्हणून हेटफिल्डच्या शब्दांसाठी मेटॅलिका ऐकत असाल, तर माझं न ऐकता ‘७२ सीझन्स’ घ्या. गिटारसाठी ऐकत असाल तर ‘हार्डवायर्ड’. ठरत नसेल तर आधी स्ट्रीमिंगवर ‘स्पिट आउट द बोन’ आणि ‘इनामोराटा’ लागोपाठ ऐका.

आणि आपल्या पावसाचा विचार करून सीडीच घ्या. एलपी दोन्हींच्या दोन-दोन तबकड्यांच्या आहेत, आणि जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत पुठ्ठ्याच्या कव्हरवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.