बाहेरची डिस्क सारखी सुटते: हब घ्यावा, केसिंग बदलावं की डिस्क कॅबिनेटमध्येच बसवावी?

इंदूरच्या रामबागेत आत्याकडे मिक्सर सुरू झाला की संगणकाला यूएसबीने बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क सुटायची, म्हणजे तिची जोडणी आपोआप तुटायची. स्वयंपाकघरात चटणी वाटायला घेतली की बाहेरच्या खोलीत 'टुडुंग', आणि आतोबांनी कॅसेटवरून उतरवून ठेवलेली कीर्तनं पडद्यावरून गायब. सुदामानगरातला माझा मित्र लग्नांचे फोटो काढतो. त्याची डिस्क कॉपी सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नीट चालायची आणि मग सुटायची. माझी स्वतःची डिस्क मी चहाला उठलो की सुटायची, काम करत असताना कधीच नाही. तक्रार तिघांची एकच, आणि तिघांच्या मनात पहिल्यांदा आलं तेही एकच: चला, अडॅप्टरवाला हब (एका यूएसबी पोर्टाचे अनेक करणारी, स्वतःची वीज घेणारी पेटी) घेऊन येऊ.

तिघांपैकी एकालाही हबची गरज नव्हती. म्हणून काय विकत घ्यायचं हे ठरवण्याआधी डिस्क नेमकी कधी सुटते ते दोन दिवस कागदावर टिपून ठेवा. लावल्या लावल्या सुटते, मोठी कॉपी चालू असताना सुटते, नुसती पडून असताना सुटते, की केबलला हात लागला की सुटते? पुढची सगळी तुलना या एका उत्तरावर अवलंबून आहे.

त्याहीआधी, डिस्क जेवढा वेळ टिकते तेवढ्या वेळात महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. विंडोज 'चेक डिस्क' चालवायला सांगतं, पण ते आत्ता नको. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तपासणी म्हणजे आजारी माणसाला जिने चढायला लावणं.

फुकटातले इलाज

कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतून एका लांब वायरने जोडलेले असतात. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात. त्यामुळे डिस्क आधी मागे लावून बघा, तीही जमल्यास निळ्या पोर्टात (निळा म्हणजे बहुधा यूएसबी ३.०). यूएसबी २.० चा पोर्ट ठरलेल्या मानकाप्रमाणे ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतो, ३.० चा ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना क्षणभर एक अ‍ॅम्पिअरच्या आसपास लागतं. लावल्या लावल्या टिकटिक करून सुटणाऱ्या डिस्कचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग केबल. पोर्टेबल डिस्कच्या बाजूची ती रुंद, चपटी पिन वर्षा-दोन वर्षांत ढिली होते. सिल्वर मॉलमधल्या एका दुकानदाराने माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भिया, पहले केबल तो बदल के देखो." गिऱ्हाईक हब घ्यायला आलेलं असताना त्याला केबल देऊन परत पाठवणारा दुकानदार विरळा, म्हणून आवर्जून सांगतो. केबल आखूड घ्या, अर्ध्या मीटरची पुरे.

माझ्या डिस्कचं दुखणं विंडोजच्या वीजबचतीत निघालं. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, आणि संपलं. पडून असताना सुटणाऱ्या डिस्कसाठी खिशात हात घालण्याआधी हे करून बघाच.

अडॅप्टरवाला हब

हब एकच गोष्ट देतो: जास्तीची वीज. एकाच वेळी दोन-तीन पोर्टेबल डिस्क लावायच्या असतील, किंवा संगणक जुना असून त्याचे पोर्ट अशक्त झाले असतील, तर हा पर्याय चांगला. घेताना खोक्यावरचे पोर्ट मोजू नका, अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. चार पोर्टांना प्रत्येकी ९०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यायचे तर साडेतीन अ‍ॅम्पिअरच्या वर लागतात. पाच व्होल्ट दोन अ‍ॅम्पिअरचा अडॅप्टर जोडून 'फोर पोर्ट पॉवर्ड' म्हणून विकलेला हब दोन डिस्क कशाबशा ओढेल. अडॅप्टरच नसलेला हब तर घेऊच नका, तो एकाच पोर्टची वीज चौघांत वाटतो.

दोष केसिंगच्या, म्हणजे डिस्क ज्या डबीत असते तिच्या, सर्किटमध्ये असेल, डिस्क तापत असेल किंवा खराब होत असेल, तर हबने काडीचाही फरक पडत नाही. उलट सांधे दोनाचे चार होतात, आणि ढिलं काय आहे हे शोधणं दुप्पट अवघड.

नवीन केसिंग

बाहेरची डिस्क म्हणजे बहुतेक वेळा आत एक साधी साटा (संगणकाच्या आत लावतात त्या जोडणीची) डिस्क आणि तिचं बोलणं यूएसबीत उतरवणारं एक छोटं सर्किट. बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते आणि सर्किटच दगा देतं. मित्राचं तेच होतं. जुन्या लॅपटॉपची डिस्क त्याने प्लास्टिकच्या डबीत बसवली होती. इंदूरचा मे महिना, पारा चाळिशीपार, डबी संगणकावर ठेवलेली, आणि वर फोटोंची शंभर जीबीची कॉपी. हात लावला तर चटका बसत होता. अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग घेतलं, डिस्क पंख्याच्या वाऱ्यात उभी केली, आणि ती कटकट संपली. किमतीत हब आणि चांगलं केसिंग यांत फार अंतर नाही, पण कॉपी चालू असताना सुटणाऱ्या डिस्कला केसिंग आधी, हब नंतर.

उघडण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची पिन डिस्कच्या बोर्डावरच असते, आत साटा नसतोच, त्यामुळे केसिंग बदलण्याचा प्रश्न येत नाही. दुसरं, काही केसिंगचं सर्किट माहिती कुलूपबंद करून लिहितं. अशी डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये टाकली की रिकामी किंवा 'रॉ' (फॉरमॅट न केलेली) दिसते. वॉरंटी जाते ती वेगळीच.

डिस्क कॅबिनेटमध्येच बसवणं

या पर्यायाकडे लोक वळतच नाहीत याचं मला नवल वाटतं. लॅपटॉपवाल्याची अडचण समजू शकतो. पण टेबलावरून कधीच न हलणाऱ्या संगणकाला कधीच न हलणारी डिस्क बाहेरून का लावायची? आत साटाची रिकामी जागा असते, एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) एखादी मोकळी पिन असते. साटाची केबल स्वस्त मिळते. यूएसबी, हब, केसिंग, अडॅप्टर, सगळ्यांना एकदम रजा.

आत्याकडे हेच केलं. तिची डिस्क साडेतीन इंची, म्हणजे बारा व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागणारी. संगणक यूपीएसवर होता, पण हा अडॅप्टर फ्रिजच्या शेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला. मिक्सर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसायचं, संगणकाला पत्ता लागायचा नाही आणि डिस्क मात्र कोलमडायची. जुन्या घरात अर्थिंग बेताचंच, त्याचीही भर असेल. खरं तर अडॅप्टर यूपीएसमध्ये लावला असता तरी भागलं असतं, आणि तसं लावून आठवडाभर पाहिलंही. पण आत्या म्हणाली, "ते काळं ठोकळं टेबलावरून काढच रे, पुसताना मध्ये येतं." मग आतच बसवली.

यातही खोच आहे. काही केसिंग डिस्कचे सेक्टर (माहितीचे कप्पे) ४०९६ बाइटांचे करून दाखवतात. तीच डिस्क थेट साटाला लावली की विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. घाबरून 'फॉरमॅट' दाबू नका, डिस्क परत केसिंगमध्ये घातली की सगळं दिसतं. म्हणून आधी कॉपी, मग स्क्रू ड्रायव्हर. आणि आत बसवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. एसएमपीएस जळाला तर संगणकाची मूळ डिस्क आणि ही, दोन्ही एकदम जाऊ शकतात. बॅकअपची डिस्क बाहेरचीच हवी, काम झालं की काढून कपाटात ठेवायची.

सगळं सोडून एसएसडी

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. फिरणारं काही नाही, त्यामुळे सुरुवातीची विजेची उसळी नाही, पडली तरी जीव वाचण्याची शक्यता जास्त. रोज ने-आण करणाऱ्याला मी हीच सांगेन. पण छोट्या धातूच्या डबीतली एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) जोरात लिहिताना भरपूर तापते आणि वीजही ओढते, तेव्हा अशक्त पोर्टावर तीही सुटते. वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायच्या संग्रहाला मी अजून फिरणारी डिस्कच निवडतो, एसएसडी तिथे नको.

डिस्कच जात असेल तर

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. खराब जागा मोजणाऱ्या ०५ आणि सी५ या ओळींत शेवटच्या 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात शून्याऐवजी आकडे दिसले आणि ते वाढत असले, तर वरचं काहीही विकत घेऊ नका, ते पैसे नव्या डिस्कला ठेवा. सी७ ची ओळ वाढत असेल तर दोष जोडणीचा, म्हणजे डिस्क वाचू शकते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदीत 'डिस्क' शोधा आणि नोंदीचा क्रमांक (इव्हेंट आयडी) बघा: १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली, ७ म्हणजे तिच्यावर खराब जागा सापडली. नुसते १५७ असतील तर केबल, वीज, केसिंग या क्रमाने बघा. ७ ची रांग लागलेली दिसली तर तो क्रम विसरा. आणि आतून ठराविक लयीत खटखट ऐकू आली तर डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा मोह आवरा. आतली माहिती खरंच मोलाची असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि तोपर्यंत तिला वीज देऊ नका.