शेफर्ड, डेन की कारवान? सोलापुरात मोठं कुत्रं घ्यायच्या आधी

माझ्या मावसभावाला कुत्रं घ्यायचंय. मोठंच पाहिजे, "लहान कुत्रं म्हणजे काय बे, त्यापेक्षा मांजर बरी की" असं त्याचं म्हणणं. यादीत तीन नावं, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन आणि कारवान, म्हणजे आपलं सडपातळ देशी शिकारी कुत्रं. आता ही तिन्ही मी वेगवेगळ्या वेळी पाळलीत, दोन शोच्या रिंगमध्ये पळवलीत आणि तिसरं रिंगमधूनच पळालंय, त्यामुळे तो रोज रात्री फोन करतो आणि मी रोज तेच सांगतो. म्हटलं एकदा लिहूनच टाकू, बाकी कुणी विचारात असेल त्यालाही उपयोग होईल. (चौथं नाव रॉटवायलर होतं, ते मीच काढायला लावलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राचं २३ जातींवर बंदीचं पत्र निघालं त्यात ते होतं, पुढे कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, पण सोसायटीतल्या लोकांच्या डोक्यातून कोण रद्द करणार.)

सुरुवात मे महिन्यापासून करतो, कारण पिल्लू बघायला आपण सगळे जातो डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत, तेव्हा शेफर्डचं ते केसाळ गोळं कुशीत घेतलं की मे महिना कुणाला आठवत नाही. सोलापुरात पारा ४३-४४ ला जातो आणि डांबरी रस्ता रात्री नऊलाही गरम असतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर, आणि अंग जेवढं मोठं तेवढं ते निवायला वेळ लागतो. माझा पहिला शेफर्ड सुलतान, एप्रिलच्या एका रविवारी मी उशिरा उठलो आणि दहाला फिरायला नेला. जुळे सोलापुरातच, घरापासून अर्धा किलोमीटरही नाही. परत येताना तो बसला तो उठेचना, हिरड्या लालभडक, लाळ चिकट दोऱ्यासारखी लोंबत होती. टपरीवाल्याकडून पाण्याचा कॅन घेऊन पोटावर, मांड्यांवर ओतला आणि रिक्षात घालून डॉक्टर गाठला. ताप १०६ फॅरनहाइटच्या वर, कुत्र्याचा नॉर्मल १०१-१०२ असतो. वाचला. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून मार्च ते जून आमचं फिरणं पहाटे साडेपाचला, रात्री दहानंतर, मधे काही नाही.

तर उन्हाच्या बाबतीत कारवान पहिला, बाकी दोघं बरेच मागे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, लांब निमुळतं तोंड, आपल्याच माळरानावरचं जनावर आहे ते. अर्थात दुपारी एकला त्यालाही सावलीच लागते, देशी आहे म्हणून उन्हात बांधायचं असं काही नाही. शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि लोक काय करतात, उन्हाळा आला की मशीन मारून त्याला चकोट करतात. करू नका. वरचा थर उन्हापासून वाचवतो, आतली लव तेवढी ब्रशने रोज काढायची. आणि डेनला मी सरळ घरातलं कुत्रं समजतो. एवढा थोरला देह, पण दुपारी त्याला आपल्यासोबत कूलरपुढेच झोपायचं असतं, आणि कूलरपुढची जागा आधी तो घेतो मग तुम्ही.

पाणी हा वेगळा विषय आहे आणि तो बाहेरगावच्या लोकांना कळत नाही. आपल्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांनी, उजनी भरलेली असो नाहीतर रिकामी. शेफर्डच्या एका अंघोळीला पाच बादल्या, कारण आतला थर भिजतच नाही आणि भिजला की साबण निघत नाही. डेनला तीन बादल्या पुरतात पण त्याची लाळ पुसायची फडकी धुण्यातच एक बादली रोज. कारवानला ओल्या टॉवेलने पुसलं तरी तो महिनाभर चकचकीत. आमच्या आईला यातलं एकच कुत्रं पसंत होतं आणि का ते आता कळलं असेल.

आता खाणं. २० किलोचं ड्राय फूडचं पोतं डेनला जेमतेम महिना, शेफर्डला दीड महिना, आणि कारवान ज्वारीची भाकरी, ताक, दोन अंडी, थोडं चिकन यावर खूष. पण पैसा फक्त पोत्यात जात नाही. औषध वजनावर असतं. गोचिडाची गोळी घ्यायला जा, शेफर्डला एक लागते, साठ-पासष्ट किलोच्या डेनला दोन गोळ्या मिळून डोस होतो. आणि गोचीड आपल्याकडे चेष्टा नाही, त्यातून येणारा ताप रक्तातल्या पेशी खातो, कुत्रं दोन दिवस जेवलं नाही आणि हिरड्या पांढरट दिसल्या तर घरगुती उपाय न करता रक्त तपासायला न्यायचं, तिन्ही जातींना लागू.

मोठ्या जातीच्या पिल्लाबद्दल एक गोष्ट मात्र थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः माती खाल्लीय. आमची डेन, राणी, चार महिन्यांची असताना पंचवीस किलोची झाली होती आणि गल्लीतला प्रत्येक जण विचारायचा, "काय खायला घालूलालास बे हिला, घोडा करतोस काय." मला त्याचा लय अभिमान. एकाने सांगितलं, एवढी वाढतेय तर हाडाला कॅल्शियम पाहिजे, मी बाटली आणून रोज दोन चमचे सुरू केलं, वर दूध, वर खिमा. महिन्याभरात तिचे पुढचे पाय मनगटात वाकडे दिसायला लागले, चालताना पुढे झुकायची. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि कपाळावर हात मारला. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या पॅकेटमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून दिलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातीचं पिल्लू हळू वाढवायचं असतं, बारीक ठेवायचं, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. हे गल्लीला पटत नाही. गल्लीला गुबगुबीत पिल्लू पाहिजे.

फरशी पण बघा. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात, शेफर्डचा खुबा आधीच या जातीचा कच्चा दुवा, त्यात रोज घसरणं. जुन्या घरातली शहाबादी त्यामानाने बरी, थंडही असते, पण डेन त्यावर धप्पकन बसतो आणि कोपरांना घट्टे पडतात. आमच्याकडे फाटक्या सोलापुरी चादरी चार घड्या करून तीन ठिकाणी टाकलेल्या असायच्या. आत्याला बघवायचं नाही, म्हणायची चादर कुत्र्याला आणि पाहुण्यांना सतरंजी.

डेन घेणाऱ्याने पोट फुगणं हा प्रकार आधी समजून घ्यावा. खोल छातीच्या कुत्र्यांत जठरात गॅस भरतो आणि ते स्वतःभोवती पीळ खातं, काही तासांत खेळ संपतो, डेनमध्ये हे सगळ्यात जास्त. ओकारीचा जोर लावतंय पण काही पडत नाही, पोट ढोलकीसारखं टणक, बेचैन फेऱ्या, हे दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळात विभागायचं आणि जेवणाआधी-नंतर तासभर उड्या नाहीत. शेफर्डलाही होऊ शकतं. पण आपल्या भागात रात्री दोनला हे ऑपरेशन कोण करेल याचं उत्तर डेन घ्यायच्या आधी शोधून ठेवा, नंतर नाही. आणि आयुष्य. डेन सात ते दहा वर्षं, शेफर्ड दहा-बारा, कारवान त्याहून थोडा जास्तही. राणी आठव्या वर्षी गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर शेफर्डला शिकवायचं नसतं, काम द्यायचं असतं. न दिल्यास तो स्वतः शोधतो, आमच्याकडे त्याने गॅस सिलेंडरवाल्याला अडवून ठेवायचं काम शोधलं होतं. "बस", "थांब", "इकडे ये" आठवड्यात, पण रोज सकाळ-संध्याकाळ पाऊण-एक तास डोक्याला खुराक पाहिजे, नाहीतर भुंकून शेजाऱ्यांशी भांडण लावणार. डेनचं उलटं, त्याला ओरडलात की तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. गोड बोलून, छोट्या तुकड्यांनी शिकवायचं आणि सहा महिन्यांच्या आत शिकवायचं, कारण पट्ट्याला ओढायची सवय पंधरा किलोला सुटते, सत्तर किलोला तुम्ही रस्त्यावर फरफटता. कारवान शिकतो सगळं, करतो मनाला आलं तर. हाक मारली की बघतो तुमच्याकडे, विचार करतो, जातो दुसरीकडे. मोकळा सोडायचा तर उंच कुंपण पाहिजे, नाहीतर लांब दोरी. आमच्या चंद्याने मार्डीच्या शेतावर शेजाऱ्याच्या शेळीला असं पळवलं की शेळी लंगडी झाली आणि मी शेळीचा मालक झालो. नान्नजच्या माळाकडे तर कारवान सोडायचा विचारच नको, ते माळढोक अभयारण्य आहे, काळवीट फिरतात, दिसलं की हा गेला, आणि वन्यजीव कायदा कुत्र्याला नाही, तुम्हाला लागतो. सशाच्या शिकारीच्या गोष्टी सांगून कारवान विकणारे भेटतील, तोही गुन्हाच आहे.

आणि आवाज. सोलापूर म्हणजे मिरवणुका, सुतळी बॉम्ब, डीजे, होम मैदानावरचं गड्ड्याचं दारूकाम. माझा अनुभव, शेफर्ड लहानपणी सवय लावली तर सोसतो, डेन बाथरूममध्ये जाऊन बसतो (आणि मग बाथरूम दुसऱ्या कुणाला मिळत नाही), कारवान सगळ्यात दचका. तीन महिन्यांचं होईपर्यंत जे कानावर पडलं ते पडलं. लसी पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर सोडू नका, पार्वोचा आजार वाईट आहे, पण कडेवर घेऊन नवी पेठेतून चक्कर मारायला काय हरकत आहे.

मावसभावाला शो पण करायचेत, म्हणून थोडं त्याबद्दल. आधी कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे आपण केसीआय म्हणतो त्याचं, रजिस्ट्रेशन आणि कुत्र्यात मायक्रोचिप, हे नसेल तर पिल्लू कितीही देखणं असो, जातिवंत म्हणून रिंगमध्ये जात नाही. "पेपर नंतर देतो" म्हणणाऱ्याचे पेपर नंतरही येत नाहीत. शेफर्ड, डेन घेताना आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा, मागितल्यावर समोरचा चिडला तर उत्तर मिळालं. डेनचे कान कापून देतो म्हणणाऱ्याच्या तर दारातूनच परत या. कारवानची गंमत अशी की गावाकडच्या कितीतरी सरस कुत्र्यांना कागदच नाही. मुधोळला, तिम्मापूरच्या सरकारी केंद्राकडे, आधी चौकशी करून जा, विजापूरमार्गे चारेक तास लागतात. तिकडे याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात, केसीआयच्या वहीत कारवान, यावरून दोन्ही राज्यांत वाद घालणारे भरपूर आहेत, मी घालत नाही.

रिंगमध्ये तिघांचं तीन तऱ्हांचं असतं. शेफर्डला पळावं लागतं, फेऱ्यांवर फेऱ्या, आणि रिंगच्या बाहेरून घरचा माणूस हाका मारत पळतो म्हणजे कुत्रं मान वर करून ओढतं. आमचा सुलतानचा बाहेरचा माणूस म्हणजे बायको, पुण्यातल्या एका शोला साडी खोचून सगळ्या रिंगभोवती "सुल्ता, सुल्ता" करत पळाली, तिसरा नंबर आला, तिचे गुडघे आठवडाभर दुखले. म्हणजे शेफर्डच्या शोला आधी स्वतः फिट पाहिजे. डेनला उभं राहता आलं पाहिजे, दगडासारखं, जज दात बघणार, नराच्या दोन्ही गोट्या उतरल्यात का चाचपणार, तोवर हलायचं नाही, आणि तुमच्या खिशात लाळ पुसायला टॉवेल. राणीला हे जन्मजात जमायचं, ती मुळात आळशी. चंद्याला परक्या माणसाचा हातच चालत नाही, जजने हात लावायला आणि त्याने मान मागे घेऊन पट्टा काढायला एकच गाठ पडली, पुढची वीस मिनिटं हैदराबादच्या त्या मैदानावर आम्ही पंधरा जण त्याच्या मागे. कारवान शोला न्यायचा तर चौथ्या महिन्यापासून रोज एका अनोळखी माणसाकडून अंगावरून हात फिरवून घ्या.

प्रवासाचा खर्च धरा. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. रेल्वेत मोठं कुत्रं फर्स्ट एसीचा अख्खा कूपे काढला तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि त्या पेटीत डेन मावेल असं मला तरी वाटत नाही. म्हणजे गाडी. डेनसाठी मागची सीट कायमची गेली.

माझं मत विचाराल तर स्पर्धा आणि ट्रेनिंगचं वेड असेल आणि पहाटे उठत असाल तर शेफर्ड. शेत असेल, कुंपण असेल, खर्च बेताचा असेल तर कारवान, पण त्याच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा नको. आणि डेन अशाच घरात, जिथे दिवसभर कुणीतरी असतं आणि एकरकमी वीस-तीस हजार डॉक्टरला द्यायची वेळ आली तर देता येतात. मावसभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत सकाळी आठला जातो तो रात्री आठला येतो, वहिनी शाळेत. त्याच्यासाठी मी कागदावर चक्क लिहून दिलं, डेन नको.

मग तो मागच्या महिन्यात माझ्यासोबत एकांकडे डेन बघायला आला, नुसता बघायला. ती दीड वर्षाची मादी आली आणि त्याच्या मांडीला सगळं वजन टाकून रेलून उभी राहिली, डेन रेलतात तशी. तो पडता पडता राहिला. परवा फोन आला, कारखान्यातून लवकर यायचं बघतो म्हणाला, आणि हॉलला केवढा कूलर लागेल ते विचारत होता.