ब्रोरा गोल्फ क्लब: एका मोसमाच्या खेळानंतर

स्कॉटलंडच्या उत्तरेला, सदरलंडच्या किनाऱ्यावर ब्रोरा हे छोटं गाव आहे. इन्व्हरनेसला राहायला आल्यापासून, वसंत ते शरद, मी जवळजवळ सगळं गोल्फ तिथेच खेळलो. रॉयल डॉर्नोक हे नावाजलेलं गोल्फ मैदान वाटेतच लागतं, आणि बाहेरून येणारे बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. अर्ध्या तासाची ती पुढची ड्राइव्ह करायला हवी, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

क्लब १८९१ चा आहे. १९२३ मध्ये जेम्स ब्रेडने त्याची नव्याने आखणी केली. पाच वेळा ओपन (ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा) जिंकलेला हा माणूस जमीन फारशी न हलवता आहे त्या उंचवट्यांतून मैदान काढायचा. ब्रोरात ते स्पष्ट दिसतं. पहिले नऊ होल समुद्राला लागून जातात, नववं ग्रीन (होलचं भोक असलेला बारीक कापलेल्या गवताचा तुकडा) पुळणीच्या काठावर आहे, आणि परतीचे नऊ होल आतल्या बाजूने, रेल्वेच्या रुळांजवळून येतात. लांबी साधारण ६,२०० यार्ड. आजच्या ड्रायव्हरच्या (सर्वात लांब मारायच्या क्लबच्या, म्हणजे काठीच्या) मानाने आकडा छोटा आहे, पण वारा दक्षिण-पश्चिमेकडून असेल (आणि बहुधा तो तसाच असतो) तर जाताना तो पाठीशी राहतो आणि परतीचा सगळा रस्ता तोंडावर येतो. पहिल्या नऊमध्ये कमावलेलं तिथे फार लवकर खर्च होतं.

फोटोंत सगळ्यांना दिसतात त्या मेंढ्या आणि गाई. या जमिनीवर जनावरं चरायची जुनी वहिवाट आहे, म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती विजेच्या तारेचं बुटकं कुंपण असतं. पहिल्यांदा येणारा त्याचंच कौतुक करतो. मला मात्र महिन्याभराने त्याचा खरा अर्थ लागला. जनावरं गवत खाऊन आखूड ठेवतात, त्यामुळे रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात गेलेला चेंडू सहसा सापडतो. जमीन वाळूची, टणक. चेंडू पडला की थांबत नाही, पुढे धावतो. त्यामुळे वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) उंच उडवून ग्रीनवर थांबवायची सवय इथे उपयोगी पडत नाही. तीस-चाळीस यार्डांवरून सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) घरंगळत नेणं शिकावं लागतं. ब्रेडची आखणी या गवतावर उभी आहे.

त्रासही आहे. फेअरवेवर (होलच्या मधल्या, आखूड गवताच्या पट्ट्यावर) शेण असतं, ओल्या दिवसांनंतर खुरांचे खड्डे असतात. ताज्या शेणातून आणि कुंपणाजवळून दंड न घेता चेंडू उचलता येतो, तरी ग्रीनच्या अगदी कडेने हळुवार चिप (छोटा फटका) करताना तार मनात राहतेच. अगदी सपाट, हिरवेगार फेअरवे ज्यांना हवेत त्यांना हे आवडणार नाही. आणि परतीच्या सुरुवातीचे एक-दोन होल मला आजही साधेच वाटतात.

आता पार-तीन होलबद्दल (म्हणजे तीन फटक्यांत संपवायची अपेक्षा असलेले छोटे होल), कारण या मैदानाचं डोकं तिथे आहे. सहावं, नववं, तेरावं आणि अठरावं असे चार, आणि चारही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. म्हणजे वारा कुठूनही असो, एका फेरीत तो समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असा चारही प्रकारे झेलावा लागतो. सहाव्याचं नाव ‘विच’. तेरावं ‘स्नेक’, लांबी जेमतेम सव्वाशे यार्ड, पण वळणावळणाचा ओढा आडवा येतो. शांत दिवशी मी तिथे वेज मारलाय आणि वाऱ्यात सहा नंबरचा आयर्न, आणि तोही तोकडा पडलाय. एवढ्या छोट्या होलवर इतका विचार करायला लावणारी जागा मी दुसरीकडे खेळलेलो नाही.

सतराव्याचं नाव ‘टार्बटनेस’. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खाडीपलीकडे टार्बट नेसचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ दिसतो, आणि चेंडू त्याच्याच रोखाने मारायचा. धुकं असलं की नेमाची रेघ दिसेनाशी होते आणि होल निम्म्याने अवघड होतं. मला सगळ्यात प्रिय हेच.

मग अठरावं, पुन्हा पार-तीन, दोनशे यार्ड आणि चढावर. ग्रीन क्लबहाउसच्या खिडक्यांखाली, पुढ्यात खोलगट. शेवट पार-तीनने करणं अनेकांना रुचत नाही. मला ते धाडसाचं वाटतं: थकलेल्या अवस्थेत, वाऱ्यात, एकच लांब आणि सरळ फटका, चुकीला भरपाई नाही. मॅच बरोबरीत असताना तिथे उभं राहून बघा.

जायचं असेल तर जूनमध्ये जा. रात्री दहापर्यंत खेळण्याएवढा उजेड असतो, त्यामुळे दुपारी एक फेरी आणि जेवून दुसरी सहज होते. आर्क्टिक टर्न पक्षी, क्लबच्या बोधचिन्हातलेच, त्या दिवसांत तिथे असतात. घरट्यांजवळ गेलात तर डोक्यावर झेप घेतात, तेव्हा अंतर ठेवा. रेल्वेने गेलात तर स्टेशन गावातच आहे. आणि शक्य असेल तर मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वारा फिरला तर तेच चार पार-तीन वेगळ्या क्लबने खेळायला मिळतील.