‘बूस्टर गेलाय’ सांगून माझ्याकडून २१ हजार घेतले

गाडीचा ब्रेक मऊ लागत असेल, किंवा पाय दाबून ठेवला तरी पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गॅरेजला जाण्याआधी हे वाचा. पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजने मला जी टेस्ट करून दाखवली आणि जिच्या जोरावर पैसे काढले, ती टेस्ट मुळात बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा भाग) चांगला असल्याची आहे. हीच युक्ती आणखी कुणावर चालू नये, म्हणून सविस्तर लिहितेय.

एलबीएस मार्गावर सिग्नलला थांबले की पेडल सावकाश खाली उतरायचं. दोन-तीनदा मारलं की पुन्हा वर यायचं. हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही वळणावर त्याचा लाल दिवा क्षणभर लागून विझायचा. मी या दोन्ही गोष्टी गॅरेजवाल्याला नीट सांगितल्या होत्या.

त्याने मला सीटवर बसवलं. ‘‘ताई, स्वतःच बघा, म्हणजे शंका नको.’’ इंजिन बंद ठेवून पेडल मारायला लावलं. चार-पाच वेळा मारल्यावर पेडल दगडासारखं घट्ट झालं. ‘‘आता पाय तसाच दाबून धरा आणि गाडी चालू करा.’’ चालू केली, तर पायाखाली पेडल थोडं खाली गेलं. ‘‘बघितलंत? बसलं पेडल. बूस्टर गेलाय, त्याच्यासोबत मास्टर सिलिंडरपण. दिव्याचं म्हणाल तर सेन्सर आहे, तो मी असाच करून देतो.’’ बूस्टर, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग), ऑइल आणि मजुरी मिळून २१ हजार. जुने पार्ट मागितले, तर ते कुर्ल्याला भंगारात गेले म्हणाला.

आता खरी गोष्ट. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून झालेल्या पोकळीवर, चालतो आणि आपल्या पायाचा जोर वाढवतो. इंजिन बंद असताना पेडल मारत राहिलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल घट्ट होतं. इंजिन चालू केलं की व्हॅक्यूम परत येतो, म्हणून दाबलेलं पेडल थोडं खाली जातं. ते जायलाच हवं! नाही गेलं, तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूमच्या पाइपवर संशय घ्यायचा. आणि बूस्टर निकामी झाला की ब्रेक सहसा कडक होतो, पाय रोवून दाबावा लागतो. माझं पेडल मऊ होतं. म्हणजे तक्रार एक आणि इलाज भलताच.

गाडी हातात आली तेव्हा ब्रेक अगदी छान लागत होता. लागणारच, कारण ब्रेक ऑइल भरून पाइपमधली हवा काढली होती. सगळं फसतं ते इथेच. गळती बंद न करता ऑइल टाकलं तरी काही दिवस पेडल उत्तम लागतं, ऑइल कमी झालं की लागणारा तो लाल दिवाही जातो. मग एकदा आईला घेऊन पवईहून येताना लाल दिवा लागला तो विझेचना, आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. वेग कमी होता, गाडी कडेला घेता आली. आई शेजारी बसली होती. हा प्रकार मी पैशांपेक्षा जास्त मनाला लावून घेतला तो त्यामुळे.

गाडी टो करून भांडुपच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी पेडलला हातच लावला नाही. आधी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. ‘‘ऑइल कमी झालंय म्हणजे कुठेतरी जातंय. आधी ते शोधू.’’ मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला धुळीतून एक ओला ओघळ उतरला होता. चाकाचा ड्रम काढला, तर त्याला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू ऑइलने भिजलेले. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर बोटाने जरा उचललं आणि आतून ऑइल टपकलं.

मग त्यांनी टॉर्च मारून मास्टर सिलिंडर दाखवला. तो बूस्टरला ज्या नटांनी बसवलेला असतो, त्यांवर कंपनीने ओढलेली पिवळी रेघ नटावरून पुढे बूस्टरच्या पत्र्यावर सलग गेलेली. नट एकदा जरी फिरवला असता तरी ती रेघ तुटली असती. सिलिंडर फक्त पुसून चकचकीत केला होता. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, नवे शू, नवं ऑइल आणि मजुरी धरून काकांनी ४,३०० रुपये घेतले, पक्क्या बिलावर.

काकांकडून शिकले ते सांगते. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने दाबून धरा. ते खाली सरकत राहिलं आणि टाकीतलं ब्रेक ऑइलही कमी असेल, तर बाहेर गळती शोधा: चाकांची आतली बाजू, रबरी पाइप, आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला मिळतो ती जागा. पातळी तशीच आहे आणि ओलही कुठे नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप गेलेले असण्याची शक्यता जास्त. पेडल स्पंजसारखं लागतं आणि मारत राहिलं की वर येतं, तर पाइपमध्ये हवा असू शकते किंवा मागच्या ड्रमचं सेटिंग ढिलं झालेलं असू शकतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते, आणि ऑइल उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. म्हणून ठरलेल्या मुदतीत ते बदलायचं, आणि झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच घालायचं. पेडल खाली जाणारी गाडी मात्र गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करा.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पार्ट बदललेत, एवढंच गॅरेजचं उत्तर आलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. सोबत पिवळ्या रेघेचे फोटो, काकांचं बिल, यूपीआयची नोंद आणि गॅरेजवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज जोडतेय: ‘ताई, बूस्टर आणि मास्टर नवीन टाकलाय.’ त्याच्या कच्च्या पावतीवर ना नाव होतं ना जीएसटी नंबर, त्यामुळे हा मेसेजच माझा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तुमचं काम चालू असेल तर काय बदललं ते असंच लिहून घ्या, आणि जुना पार्ट डिकीत ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.