भूककेंद्र आणि तृप्तिकेंद्र : उंदरांच्या मेंदूतील दोन भाग

नागपुरात तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट मागवणारा माणूस भुकेलेलाच असतो असे नाही. खाणे आणि खाण्याची ओढ यांतला हा फरक उंदरांच्या मेंदूतही दिसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या अवयवाचा बाजूचा भाग (‘भूककेंद्र’) दोन्हीकडे नष्ट केल्यास उंदीर समोरचे अन्नही खात नाही, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी १९५१ मध्ये दाखवले. हायपोथॅलॅमसचा खालचा-मधला भाग (‘तृप्तिकेंद्र’) नष्ट झालेला उंदीर उलट अधाशासारखा खाऊन लठ्ठ होतो. पण अन्नासाठी वारंवार कळ दाबावी लागली किंवा त्यात कडू क्विनाइन मिसळले, तर तो निरोगी उंदराच्याही आधी माघार घेतो. म्हणूनच या दुसऱ्या भागाला निव्वळ ‘तृप्तिकेंद्र’ म्हणणे मला अपुरे वाटते. पहिल्या भागातून तर डोपामिन या हालचालींशीही निगडित असलेल्या मेंदूतील रसायनाचे चेतातंतूही जातात, त्यामुळे तिथल्या इजेने भुकेबरोबर हालचालही मंदावते.